मड टायरचं भूत उतरवा, आधी रिम बदला

पत्र असं आलंय:

"दादा नमस्कार. मी शारजात असतो, मूळचा कराडचा. सहा महिन्यांपूर्वी सेकंडहँड पजेरो घेतली, २०१६ ची. आधीच्या मालकाने २० इंची अलॉय रिम टाकलेत, दिसायला एकदम भारी. टायर आता गोटा झालेत, बदलायलाच लागणार. दुकानदार म्हणतो डेझर्टला जायचं असेल तर मड टेरेनच, म्हणजे चिखलाचे टायरच घ्या. पुण्याच्या मेव्हण्याकडे थार आहे, तो पण हेच म्हणतो, वर म्हणतो साईझ पण वाढव. ऑफिसातला मित्र म्हणतो जेवढे रुंद तेवढे चांगले. नोव्हेंबरात मेव्हणा सहकुटुंब येतोय आणि त्याला लाल वाळूत न्यायचं कबूल करून बसलोय. मी स्वतः एकदाच गेलोय, अल बदायरला, पहिल्याच चढाला गाडी पोटावर बसली, सोबतच्यांनी ओढून काढली. बजेट ३००० दिरहम. कुठले टायर घेऊ?"

शारजाकर, नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. रिम लिहिलेत, मेव्हणा लिहिलाय, बजेट लिहिलंय, पण गाडी पोटावर बसली त्या दिवशी टायरात हवा किती होती ते कुठेच नाही. पैज लावतो, ३५ असणार, पंपावर भरून थेट आत. किंवा कोणीतरी सांगितलं म्हणून "थोडीशी" काढली असेल, म्हणजे २८ वगैरे. राग मानू नका, माझंही पहिल्या वर्षी हेच झालंय, कारण आपल्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं असतं की हवा कमी म्हणजे टायरची वाट, कोल्हापूरला निघालो तरी वडील आधी पंपावर हवा चेक करायला लावायचे. वाळूत हे सगळं उलटं.

एक ढोबळ हिशोब करून दाखवतो. तुमची पजेरो माणसं-सामान धरून २४०० किलो समजा, म्हणजे एका चाकावर ६०० किलो. ३५ पीएसआय म्हणजे एका चौरस सेंटीमीटरला अडीच किलोच्या आसपास. ६०० ला अडीचने भागा, २४० आले. आपलं पोस्टाचं कार्ड असतं ना, १४ बाय ९ सेंटीमीटरचं, तशी दोन कार्डं शेजारी शेजारी ठेवा, एवढ्याशा जागेवर सहाशे किलो उभे आहेत. आता हवा १५ वर आणा. तोच भागाकार केला की ५७० येतात, म्हणजे साडेचार कार्डं. टायर तोच, नक्षी तीच, एक दिरहम खर्च नाही आणि जागा दुपटीहून जास्त. साईडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, तीही थोडं वजन उचलते त्यामुळे आकडा अगदी काटेकोर नाही, पण पार्किंगमध्ये टेप घेऊन स्वतः मोजून बघा, कळेल.

आणि मोजाल तेव्हा अजून एक दिसेल, की जमिनीला टेकलेला भाग वाढतो तो मुख्यतः लांबीत. रुंदी बोटभर वाढते, लांबी मात्र चांगली वीतभर होते, म्हणजे चाक जरासं बुलडोझरच्या पट्ट्यासारखं वागायला लागतं, पुढे वाळूचा ढीग लोटत बसत नाही, त्याच्यावर चढतं. उंटाचा पाय बघितलाय ना जवळून? मऊ गादी असते खाली, टेकला की पसरतो. बैलाचा खूर त्याच वाळूत घोट्यापर्यंत जातो. तुम्ही त्या दिवशी खूर घेऊन गेला होतात.

हा काही आजचा शोध नाही. बॅग्नोल्ड म्हणून एक ब्रिटिश फौजी अधिकारी होता, तो १९२०-३० च्या काळात इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात फोर्डच्या साध्या गाड्या घेऊन फिरायचा, फोर व्हील ड्राईव्ह नाही की काही नाही. टायरातली हवा काढायची, रुतली तर चाकाखाली लोखंडी पत्रे सरकवायचे आणि पुढे जायचं. पुढे १९४० मध्ये याच माणसाने युद्धासाठी वाळवंटात लांबवर जाणारी खास तुकडी उभी केली. 

आता तुमचे २० इंची रिम. सॉरी, पण खरा घोळ इथेच आहे. हवा कमी केली की फुगते आणि दबते ती साईडवॉल, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामधलं रबर. पजेरोला कंपनीकडून येतात ते २६५/६५ आर १७ किंवा २६५/६० आर १८. यातला पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के साईडवॉल, तिसरा रिम इंचांत. म्हणजे १७ वर साईडवॉल १७२ मिलिमीटर, १८ वर १५९, आणि तुमच्या २० इंचीवर बहुतेक २६५/५० असणार, तर १३२. बाहेरून चाक जवळपास तेवढंच उंच दिसतं, ७७ सेंटीमीटरच्या पुढेमागे, पण आतलं चार सेंटीमीटर रबर गेलं आणि त्या जागी अॅल्युमिनियम आलं. अॅल्युमिनियम दबत नाही. २० इंची रिमवर तुम्ही हवा १५ पर्यंत उतरवलीत तर वाळूत दडलेल्या दगडावर किंवा कडक बांधावर रिमच आपटायची भीती, म्हणून माणूस हवा २० पीएसआयच्या खाली न्यायला घाबरतो, आणि तेवढ्या हवेवर पोट टेकतं.

तर माझा सल्ला असा की टायरच्या दुकानात जायच्या आधी २० इंची रिम विकायला काढा. अशा रिमना शारजात गिऱ्हाईक मिळतं, लोक त्यावर जीव टाकतात, तुम्ही पण टाकलाच होतात. त्या पैशात पजेरोचेच ओरिजिनल १७ इंची सेकंडहँड रिम बघा, तुमच्या इंडस्ट्रियल एरियाच्या स्पेअर पार्टच्या गल्ल्यांमध्ये दुपारभर फिरलात तर मिळून जातील. घ्यायच्या आधी एक रिम गाडीला लावून फिरवून बघा, आत ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना, आणि घासत असेल तर १८ वर समाधान माना, १८ पण चांगलेच. रिम वाकडे किंवा वेल्डिंग केलेले नकोत, आतल्या बाजूने बोट फिरवून बघायचं. बायकोला २० इंची आवडत असतील तर तिला सांगा की त्या दिवशी ओढून काढायला लागलं ते त्यांच्यामुळे. अर्धं खरं आहे, अर्धं हवेमुळे, पण अर्धं सांगितलं तरी चालेल.

मड टेरेनकडे येऊ. मेव्हण्याला नावं ठेवू नका, त्याच्या जागी तो बरोबर आहे. पावसाळ्यात मावळात, मुळशीत, नाहीतर काळ्या रानात गाडी घातली की चिखल टायरच्या खाचांत भरतो आणि टायर गुळगुळीत होतो, तेव्हा मड टायरच्या मोठ्या मोठ्या गोट्या आणि रुंद खाचा तो चिखल फेकून देतात आणि खाली कडक जमीन असते ती पकडतात. भात लावताना ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावतात ना, तोच प्रकार. पण इथल्या वाळूला खाली कडक जमीन असं काही नसतंच हो, ती वीस फूट खाली पण वाळूच असते. तिथे त्या गोट्या फावड्याचं काम करतात, चाक जरा स्पिन झालं की चार सेकंदांत स्वतःचा खड्डा स्वतः खणून त्यात बसतात. वाळूला ग्रिप नको, तरंगणं हवं. वर मड टायर हायवेवर घूं घूं आवाज करतात, पावसातल्या ओल्या डांबरावर लांबवर थांबतात, पेट्रोल जास्त खातात, आणि आठवड्यातले सहा दिवस तुम्ही शारजा-दुबई ट्रॅफिकमध्येच असणार ना.

मित्राचं "रुंद घ्या" पूर्ण चूक नाही पण त्याच्यावर पैसे घालवू नका. इथे उंटांच्या इज्बांवर, म्हणजे वाळवंटातल्या गोठ्यांवर, जुन्या लँड क्रूझर पिकअप बघितल्यात? ७.५० आर १६ चे बारीक उंच टायर, कधीकधी मागे दोन उंट बसवलेले, आणि पोरगं एका हाताने चालवत टेकडी चढून जातं. त्यांची हवा बघा कधी, किंवा सरळ विचारा, हसून सांगतात.

साईझ वाढवायचं तर अजिबात नको. २८५/७० आर १७ घातलात तर चाक साधारण साडेपाच सेंटीमीटर उंच होतं, म्हणजे ७ टक्के. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की मडगार्डला घासायची शक्यता, इंजिनला तेवढं जास्त ओढायला लागतं जे वाळूच्या चढावर लगेच जाणवतं, आणि स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा तुम्ही १०७ ने असता. अबू धाबीत २०१८ पासून रडारला बफर, म्हणजे वेगमर्यादेवरची सूट, नाही हे लक्षात ठेवा, मेव्हण्याला शेख झायेद मशीद दाखवायला न्याल तेव्हा दंडाचा मेसेज येईल तो तुमच्या फोनवर येईल, त्याच्या नाही.

मग घ्यायचं काय, तर २६५/६५ आर १७ मध्ये साधे ऑल टेरेन, एटी म्हणतात ते. ब्रिजस्टोनचा ड्युलर एटी, योकोहामाचा जिओलँडर एटी, या जातीचे. बीएफ गुडरिचचे केओ टू बद्दल सगळेच विचारतात, टायर दणकट आहे यात वाद नाही, पण तुमच्या साईझमध्ये तो एलटी प्रकारात येतो, म्हणजे जाड कडक साईडवॉल, ओमानच्या वादींतल्या, म्हणजे कोरड्या नदीपात्रांतल्या, धारदार दगडांसाठी एक नंबर, वाळूत मात्र तेवढंच पसरायला त्याची हवा अजून दोन-तीन पॉइंट कमी करायला लागते. तुम्ही ओमानला, हजरच्या डोंगरात वारंवार जाणार असाल तर एलटी घ्या. फक्त लाल वाळू आणि ऑफिस असेल तर साधी मऊ साईडवॉलच बरी. एचटी, म्हणजे रोडचे टायर, ते सुद्धा वाळूत मस्त तरंगतात खरं तर, जुने वाळूवाले अर्धे झिजलेले टायर मुद्दाम ठेवतात, पण वाळूपर्यंत जायचा खडीचा रस्ता आणि मधली काटेरी झुडपं धरता एटी घेतलेला बरा.

दुकानात तीन गोष्टी वाचल्याशिवाय पैसे काढू नका. एक तारीख. साईडवॉलवर डीओटी लिहिलेलं असतं त्याच्या शेवटी चार आकडे, समजा १८२४ असेल तर २०२४ सालचा १८ वा आठवडा. पूर्ण आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, त्यामुळे दुकानदार "इस साईड नहीं है सर" म्हणाला तर टायर उलटा करायला सांगा, लाजू नका. इथे टायर पाच वर्षांपुढे गेला की पासिंगला चालत नाही, आणि तुम्हाला दोन वर्षं गोदामात पडलेला दिला तर तुमची दोन वर्षं बसल्या बसल्या गेली. दुसरं टेम्परेचर ग्रेड, ए किंवा बी, सी नको, ऑगस्टमध्ये डांबर काय तापतं ते तुम्हाला सांगायला नको. तिसरं ११२ एस किंवा त्याच्या वरचं काहीतरी, ११२ म्हणजे एक टायर ११२० किलो पेलतो, एस म्हणजे १८० पर्यंतचा वेग. नायट्रोजन भरा म्हणून मागे लागतील, नको म्हणा, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तुम्ही तो शनिवारी वाळूत सोडून देणार आहात.

यातून जे पैसे वाचतील ते कॉम्प्रेसरमध्ये घाला. सिगरेट लायटरला लावायचा डबीएवढा नको, त्याचा फ्यूज जातो आणि एक टायर भरेपर्यंत चहा होतो. बॅटरीला क्लिप लावायचा घ्या. आणि एक चांगला गेज, ज्याचा काटा ६० पर्यंतच जातो असा, कारण १५० पीएसआयच्या गेजवर १२ आणि १६ मधला फरक दिसतच नाही. हवा सोडायचे चार स्क्रूवाले डिफ्लेटर मिळतात, घ्या, नाहीतर व्हॉल्व्हची पिन काढायची चावी पण चालते, फक्त पिन वाळूत पडली की शोधत बसायचं नाही, दोन जास्तीच्या खिशात ठेवायच्या.

हवा किती, ते आता सरळ सांगतो. वाळूच्या काठाला थांबून चारही १८ करा. गाडी धापा टाकायला लागली, गिअर खाली पडायला लागला, तर १५. रुतलीच, तर आधी अॅक्सिलरेटरवरून पाय काढा, खाली उतरा, चाकांपुढची वाळू हाताने बाजूला करा, १२ करा आणि आलात त्याच मागावरून हळू रिव्हर्स. दहाच्या खाली फक्त निघण्यापुरतं, सरळ रेषेत, आणि निघालात की लगेच परत १५. गाडीत टायर प्रेशरचा लाईट असेल तर तो पिवळा पेटणार, पेटू दे.

कमी हवेचं इतकं का सांगतोय, तर एकदा हात भाजलाय. फॉसिल रॉकच्या मागे कॅम्पला गेलो होतो, दुपारी गरम टायरवर हवा १५ केली आणि रात्री तसेच झोपलो. सकाळी थंडीत तीच हवा आपोआप साडेअकरा-बारा झालेली असते हे डोक्यातच नाही, गेज लावायचा कंटाळा. एका उतारावर गाडी आडवी घसरायला लागली म्हणून मी झटकन स्टिअरिंग मारलं आणि पुढच्या डाव्या चाकातून फुस्स. टायर रिममधून बाहेर, याला इथे पॉपआउट म्हणतात. हवाच टायरची कड रिमला दाबून धरते, हवा कमी आणि वरून आडवा दाब, की कड सुटते. जॅक लावला तर जॅकच वाळूत जायला लागला, शेवटी कॅम्पच्या सामानातलं सागवानी पोळपाट जॅकखाली घातलं. चाक वर आलं, पोराच्या चित्रकलेच्या ब्रशने रिमच्या कडेची वाळू कण न् कण झाडली, कारण एक खडा राहिला तरी हवा गळते, मग टायरभोवती रॅचेटचा पट्टा आवळून कॉम्प्रेसर चालू केला आणि दोनदा ठप्प-ठप्प आवाज होऊन कड बसली. दीड तास गेला. पोळपाटाचे दोन तुकडे झाले त्याचा विषय घरात अजून निघतो. तुम्ही जाड प्लायचा दीड फुटी तुकडा डिकीत टाकून ठेवा.

म्हणजे हवा कमी असताना वळणं मोठी आणि सावकाश, आडव्या उतारावर नखरे नाहीत, आणि बाहेर पडलात की काठालाच थांबून परत ३३-३५ भरायची. संध्याकाळी सगळे दमलेले असतात, पोरं भुकेली, कोणीतरी म्हणतं चल रे पुढच्या पंपावर भरू, दहाच किलोमीटर आहे. नाही. १५ वर डांबरावर ८० ने गेलात तर साईडवॉल प्रत्येक फेऱ्याला दुमडते, आतून तापते, आणि त्या दिवशी नाही फुटली तरी आत जखम झालेली असते, ती पुढच्या जुलैत एमिरेट्स रोडवर १२० ला फुटते. भरायला वीस मिनिटं लागतात, तोवर पोरांना भेळ द्या.

नोव्हेंबरात पहाटे जा, दव पडून वाळू जरा घट्ट असते, दहा-अकरानंतर भुसभुशीत होते. आणि एकटी गाडी नको, दुसरी कुणाची तरी हवीच, मागच्या वेळी ओढून काढणारे लोक होते म्हणून हे पत्र तरी लिहिलंत. मेव्हण्याला ड्रायव्हिंगला बसवायचं असेल तर खुशाल बसवा, पण हवा काढायचं काम आधी त्याच्याकडूनच करून घ्या, चारही चाकांजवळ गुडघ्यावर बसून. थारवाल्याला दुसऱ्या कुठल्या पद्धतीने पटत नाही.

अजून एक राहिलं. मागच्या दरवाज्यावरची स्टेपनी. आधीच्या मालकाने चार २० इंची टाकले तेव्हा ती बदलली असेल असं मला वाटत नाही, बहुधा तिथे अजून कंपनीचा मूळचा रिम लटकतोय, म्हणजे पाचातला एक तुमच्याकडे फुकट आहे. कव्हर काढा, रिम १७ चा आहे की १८ चा ते बघा आणि बाकीचे चार त्याच मापाचे शोधा, पण त्यावरचा टायर २०१६ चाच असेल तर तो वाळूत काय, एअरपोर्टला जाताना पण भरवशाचा नाही. आज संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये जाऊन ते चार आकडे वाचा आणि मला कळवा.